भांडलात ना? मग मिटलेलंही दिसू द्या

माझा संध्याकाळचा क्लास साडेसातला सुटतो. पाच मिनिटांत गल्लीतल्या सायकली जातात, दारातला चपलांचा ढीग संपतो. पावणेआठला जो मुलगा अजून पायरीवर बसून बुटाची लेस सोडतो आणि परत बांधतो, त्याच्या घरी काहीतरी बिनसलेलं असतं. तेवीस वर्षांत हा अंदाज फार वेळा चुकलेला नाही.

कोपरखैरण्यात सिडकोच्या जुन्या बैठ्या घराच्या पुढच्या खोलीत मी आठवी ते दहावीचं गणित आणि विज्ञान शिकवते. मुलं आसपासच्या सेक्टरांतली. निम्म्यांचे वडील तुर्भ्याच्या मार्केटला, कुणी माथाडी, कुणी गाळ्यावर हिशेब लिहिणारा, कुणाचा स्वतःचा टेम्पो. बाकीच्यांचे आईवडील महापे-ऐरोलीच्या कंपन्यांत. भांडणाची वेळसुद्धा यावरूनच ठरते. भाजी मार्केटचा माणूस मध्यरात्री घर सोडतो आणि दुपारी झोपायला येतो. त्यांच्याकडे खटके उडतात दुपारी एक-दीडला, पोरगं शाळेतून येतं ते नेमकं तेव्हाच. दोघं नोकरीवाले असतील तर रात्री साडेदहा, जेवणं उरकल्यावर, घराच्या हप्त्याचा मेसेज आला की. आणि आमच्याकडे दोन घरांत भिंत एकच. कुणाचं काय चाललंय हे मला विचारावं लागत नाही, आणि माझं काय चाललंय हेही शेजारी विचारत नाहीत.

मी डॉक्टर नाही. माझी भाची ठाण्याला मानसशास्त्र शिकते, तिच्याशी मी वाद घालते, ती मला वाचायला देते. बाकीचं मुलांच्या वह्यांवरून आणि स्वतःच्या घरावरून शिकले. स्वतःच्या घराचं आधी सांगते, कारण बाकी सगळं त्यावरच उभं आहे.

मुलगा आठवीत असताना माझ्या मिस्टरांनी गावाकडे, पाटणला, भावाला विहिरीसाठी ऐंशी हजार दिले. मला न विचारता. त्या रात्री मी जे बोलले आणि त्यांनी जे ऐकवलं ते इथं लिहिण्यासारखं नाही. सकाळी ते डबा न घेता गेले. डबा ओट्यावर तसाच. संध्याकाळी त्यांचा फोन आला, वाशी स्टेशनवर भेटलो, चहा घेतला, अर्धा तास बोललो आणि मिटलं. खरंच मिटलं. घरी आलो, मी भाकऱ्या टाकल्या, सगळं पूर्ववत.

हे मुलगा मला सांगत होता गेल्या दिवाळीत. आता तो पंचवीस वर्षांचा आहे, पुण्यात नोकरी करतो. म्हणाला, "आई, मला भांडण फारसं आठवत नाही. डबा आठवतो. मी त्या दिवशी शाळेत एकही तास ऐकला नाही. बाबा परत येणार का, एवढंच डोक्यात." मी म्हटलं, अरे, पण ते तर त्याच दिवशी मिटलं होतं. तो म्हणाला, "मला कुणी सांगितलं?"

आम्हाला वाटलं होतं, मिटलं म्हणजे मिटलं. भांडण आम्ही त्याच्यासमोर केलं आणि समेट स्टेशनवर. पुढचे कित्येक महिने तो डब्याकडे बघून दिवस कसा जाईल ते ठरवत होता आणि मी त्याच्या बीजगणितावर लाल शाई ओतत होते.

भाचीला हे सांगितलं तेव्हा तिनं मार्क कमिंग्ज यांचं नाव घेतलं. अमेरिकेतल्या नोत्र दाम विद्यापीठातले मानसशास्त्रज्ञ. त्यांनी मुलांना मोठ्या माणसांची भांडणं चित्रफितींवर दाखवली, प्रत्येक भांडणाचा शेवट वेगळा. काही न मिटलेली, काही अर्धवट सोडलेली, काही नीट मिटलेली. न मिटलेलं भांडण बघून मुलं सगळ्यांत अस्वस्थ झाली, मिटलेलं बघून बरीच निवळली. मला सगळ्यांत उपयोगी वाटलं ते पुढचं: बंद दाराआड मिटलं आणि मुलांना नंतर नुसतं कळलं, तरी त्यांची अस्वस्थता कमी झाली. एक वाक्य पुरलं असतं आम्हाला. "काल आम्ही भांडलो ना, ते मिटलंय."

म्हणून "मुलांसमोर भांडू नका" हा जो सल्ला सगळे देतात, तो मी देत नाही. भांड्याला भांडं लागतंच, आणि चारशे चौरस फुटांत कुठं जाऊन लपून भांडणार? चौदा वर्षांच्या पोराला भिंतीपलीकडचा तुमचा श्वाससुद्धा वाचता येतो. फक्त भांडण जेवढं दिसलं, तेवढाच त्याचा शेवटही दिसायला हवा.

आधी आपलं पोर बघा

वाह्यात वागणारं, उलट बोलणारं, मार्क घसरलेलं पोर सगळ्यांना दिसतं. मी दुसऱ्या दोन तऱ्हा सांगते. (ओळख पटू नये म्हणून तपशील थोडे बदललेत.)

नववीतला एक मुलगा क्लासला दांड्या मारायला लागला. आई म्हणे, घरून तर वेळेवर निघतो. शेवटी उलगडा झाला. वडापावचे पैसे तिकिटात घालून तो कोपरखैरण्याला लोकल पकडायचा, घणसोली, रबाळे, ऐरोली करत ठाण्याला जायचा आणि न उतरता परतीला लागलेल्या गाडीत तसाच बसून राहायचा. मी विचारलं, का रे? "गाडीत मस्त झोप लागते टीचर," एवढंच. घरी रात्री साडेदहापासून दीडपर्यंत आईवडिलांचं चालायचं. या वयाला आठ ते दहा तास झोप लागते. वयात येताना झोप मुळातच उशिरा यायला लागते, शाळा मात्र सातला. त्यात रात्री कान टवकारलेले. त्या मुलाला गणित येत होतं, पण सलग तीन ओळी डोक्यात धरता येत नव्हत्या. वजाचं चिन्ह दुसऱ्या ओळीत गळायचं.

दुसरी मुलगी दहावीतली. वह्या आखीव, गृहपाठ कधी चुकला नाही, कुणी ओरडलं तर आधी स्वतःच सॉरी म्हणणार. ती अधूनमधून धाकट्या भावाला घेऊन यायची, "टीचर, याला शंका विचारायच्यात." भाऊ पाचवीत होता. मी पाचवीला शिकवत नाही. घरात आवाज चढला की त्याला बाहेर काढायचं, हे काम तिनं स्वतःकडे घेतलं होतं. अशा मुलीचं कौतुक होतं, तिच्याकडे लक्ष जात नाही. मीही दोन वर्षं तिला "शहाणी" म्हणत राहिले.

बाकी खुणा: शाळेच्या दिवशीच दुखणारं पोट, डॉक्टरांना न सापडणारी डोकेदुखी, कानात कायम इयरफोन पण गाणं बंद (हे मी स्वतः तपासलंय), नखं खाणं, मे महिन्यात लांब बाह्यांचे शर्ट. शेवटची खूण दिसली तर हे पुढचं वाचत बसू नका, मदतीबद्दल खाली लिहिलंय तिथं जा.

आत काय चालतं? भाचीच्या भाषेत, मूल सतत पहाऱ्यावर असतं. शरीर ताणाची संप्रेरकं सोडत राहतं आणि ती काही "भांडण आईबाबांचं आहे, तू झोप" असं ऐकून थांबत नाहीत. मेंदूचा जो पुढचा भाग विचार करून आवर घालतो, तो पंचविशीपर्यंत घडतच असतो. त्यामुळे चाळिशीतल्या माणसाला जे "नेहमीचंच" वाटतं, ते पंधराव्या वर्षी घर कोसळल्यासारखं वाटू शकतं. मनात दोन प्रश्न ठाण मांडून असतात. हे घर राहणार का? आणि, हे माझ्यामुळे आहे का?

दुसऱ्या प्रश्नात माझाही वाटा आहे, तो कबूल करते. अनेक वर्षं मी फीची आठवण मुलांकरवी पाठवायची. "घरी सांग, दोन महिन्यांची राहिलीये." ते पोर घरी जाऊन सांगायचं आणि त्या वाक्यावरून दोघांची जुंपायची: तू दिली नाहीस, तुझ्याकडे ठेवायला दिले होते. भांडणाचा विषय खर्चाचा, पण पोराला ऐकू काय येतं? माझी फी, माझा क्लास, माझ्यामुळे. एका मुलानं मला येऊन सांगितलं, "टीचर, मी क्लास सोडतो, म्हणजे घरी बरं राहील." त्या दिवसापासून फीचा मेसेज थेट आईवडिलांना जातो. तुम्हीही एवढं करा, शाळेची फी, सहल, चष्मा, मोबाइल रिचार्ज यांवरून वाजलं तर त्याच दिवशी पोराला सांगा: "भांडण पैशाचं होतं, तुझं नव्हतं. पैसे कसे उभे करायचे ते आमचं काम आहे."

भांडताना

आवाज चढला, छाती धडधडायला लागली की त्यानंतरचं एकही वाक्य कामाचं नसतं. जॉन गॉटमन नावाच्या मानसशास्त्रज्ञांनी आयुष्यभर जोडप्यांची भांडणंच अभ्यासली. ते म्हणतात, शरीर निवायला निदान वीस मिनिटं लागतात. तेव्हा उठा. पण न बोलता दार आपटून उठू नका, कारण ते दार पोराच्या छातीत आपटतं. वेळ सांगून उठा: "मी खाली जाऊन येतो, साडेनऊला बोलू." आणि साडेनऊला या. आमच्या मिस्टरांनी पहिल्यांदा हे केलं तेव्हा ते पान खाऊन पावणेअकराला आले. त्यावरून वेगळं भांडण झालं.

हप्ता, सासर-माहेर, गावची जमीन हे विषय रात्री दहानंतर काढूच नका. सुटी असेल तेव्हा, पोर क्लासला असताना काढा. माझ्या क्लासची ती दीड तासाची वेळ बरीच जोडपी भांडायला वापरतात असं मला हल्ली कळलंय. माझी हरकत नाही.

व्हॉट्सॲपवर भांडत असाल तर घरातला तो मोबाइल पोराच्याही हातात जातो हे लक्षात ठेवा. एका मुलीनं आईच्या फोनवर गृहपाठाचा फोटो शोधताना बाबांचे बारा मेसेज वाचले. ती कुणालाच काही बोलली नाही. तिमाहीत सांगितलं तिच्या भूमितीच्या पेपरानं.

काही वाक्यं घरातून हद्दपार करा. "बापावर गेलास." "आईसारखंच रडगाणं." यात नवऱ्याला किंवा बायकोला मारायला पोराचा दगड केलेला असतो. आणि सगळ्यांत वाईट, जे मी आमच्या गल्लीत सगळ्यांत जास्त ऐकलं: "पोरांसाठी राहिलेय मी या घरात." बोलणाऱ्या बाईचं दुःख खरं असतं, मला ते माहीत आहे. पण ऐकणाऱ्याला त्या क्षणी कळतं की आईच्या पायातली बेडी आपण आहोत.

अबोला हे भांडणच आहे

"आम्ही मुलांसमोर कधी ओरडत नाही," असं सांगणारी घरंही मी पाहिलीत. तिथं पंधरा पंधरा दिवस अबोला असतो. मीठ हवं असेल तर पोराला सांगायचं, "बाबांना सांग, मीठ दे." कमिंग्ज यांच्या प्रयोगांत तोंडातून शब्द न काढता दाखवलेल्या रागानंही मुलं हललीच. मला विचाराल तर जास्तच हलतात. ओरडण्याला निदान शेवट असतो, माणूस दमतो. अबोला कधी संपला हे कळायला पोराला मिठाची वाट बघावी लागते.

अबोला मोडता येत नसेल (आणि नसतो येत, मी चांगली अकरा दिवस धरलेली बाई आहे), तर निदान कामापुरतं थेट बोला. "दूध आणलं का?" "आणलं." प्रेमानं बोलायची गरज नाही. पोराला तारेसारखं मधे लावू नका, एवढंच.

मिटलेलं कसं दाखवायचं

नाटक करू नका. तेरा-चौदा वर्षांच्या पोरांना खोटं हसू वर्गातल्या कॉपीपेक्षा लवकर कळतं. अर्धवट मिटलं असेल तर अर्धवटच सांगा.

मी पालकांना लिहून देते ती वाक्यं अशी. पूर्ण मिटलं असेल तर: "काल आम्ही दोघं फार चिडलो होतो. आज बोललो. पैशाचं ठरलं." मिटलं नसेल तर: "अजून एकमत झालेलं नाही. रविवारी परत बोलणार आहोत. तोवर घर आहे तसंच चालणार." तोल सुटला असेल, ताट-बीट फेकलं असेल तर: "मी ताट फेकलं ते चुकलं. मी आईला सॉरी म्हणालो, तुलाही म्हणतो." हे शेवटचं वाक्य वडिलांच्या तोंडून निघणं किती अवघड असतं ते मी जाणते. टेम्पोवाल्या एका दादांना मी म्हटलं, म्हणून तर बघा. ते म्हणाले, "टीचर, माझ्या बापानं मला कधी सॉरी म्हटलं नाही." मी विचारलं, म्हटलं असतं तर? ते बराच वेळ फळ्याकडे बघत बसले. म्हटलं की नाही ते मला माहीत नाही.

शब्द जमत नसतील तर कृती दिसू द्या. चहा दोघांचा एकत्र टाका. भांडणानंतरच्या सकाळी काहीही होवो, डबा न्या. आमच्या घरात आता हा नियम आहे. डब्यात काय आहे ते आवडो न आवडो, बोलणं असो नसो, डबा ओट्यावर राहणार नाही.

पोराला कामाला लावू नका

निरोप्या करू नका हे आलंच. न्यायाधीश करू नका. मी स्वतः केलंय: मुलगा नववीत, आम्ही दोघं तावातावानं, आणि मी त्याच्याकडे वळून म्हटलं, "तूच सांग, कुणाचं चुकलं?" तो म्हणाला, "मला भूक नाही," आणि आत गेला. कुणी त्याला जेवणाचं विचारलंच नव्हतं. कुणाचीही बाजू घेतली तरी एक पालक गमावणार, हे गणित त्याला माझ्याआधी सुटलं होतं.

हेर करू नका: "आजीकडे गेलात तेव्हा बाबा काय म्हणाले?" आणि मैत्रीण करू नका. हा मोह आयांना फार, मुलगी मोठी झाली की. सासूचं, नवऱ्याचं, अगदी बेडरूमपर्यंतचं तिला सांगायचं, वर "ती मला समजून घेते" म्हणून अभिमान. घेते समजून, पण ते ओझं ठेवायला तिला जागा नाही. तुमचं मन हलकं करायला बहीण आहे, मैत्रीण आहे, भिशीतल्या बायका आहेत.

आजी-आजोबा घरात असतील तर त्यांनाही हेच सांगा. आजी बहुधा ऐकत नाही. तरी सांगा.

बोलायचं कसं

समोर बसवून, "आम्हाला तुझ्याशी बोलायचंय" अशी सुरुवात केली की या वयाचं पोर दाराकडे बघतं. शेजारी शेजारी चालत बोला. आमच्याकडे निसर्ग उद्यान आहे, वाशीला मिनी सीशोअर, ठाण्याला तलावपाळी किंवा कचराळी तलाव. स्कूटरवर पुढेमागे बसूनही चालतं. मला तर ते जास्त आवडतं, कारण एकमेकांचं तोंड दिसत नाही.

पाच मिनिटं पुरे. "परवा रात्री तू जागा होतास, मला माहीत आहे." थांबा. "ते तुझ्यामुळे नव्हतं." हे सोळा वर्षांच्या, मिसरूड फुटलेल्या पोरालाही मोठ्यानं सांगावं लागतं. तो म्हणेल, "मला काय करायचंय." हे उत्तर नसतं, तो तुम्हाला चाचपत असतो. चिडू नका, स्पष्टीकरण देऊ नका, दुसऱ्या पालकाचे दोष तर अजिबात मोजू नका. दोन दिवसांनी तोच भलत्या वेळी, डोक्याला तेल लावताना वगैरे विचारेल, "तुम्ही वेगळे होणार आहात का?" त्या प्रश्नासाठी खरं उत्तर तयार ठेवा. होणार नसाल तर "नाही" म्हणा, "बघू" म्हणू नका.

होणार असाल तर दोघांनी एकत्र बसून सांगा, आणि कारणांपेक्षा व्यवस्था सांगा: तू कुठं राहशील, शाळा तीच का, दुसऱ्याकडे कोणत्या वारी जाशील. ताबा ठरवताना मूल समजत्या वयाचं असेल तर न्यायालय त्याची पसंती विचारात घेऊ शकतं, १८९०च्या पालक व पाल्य कायद्यातच ती सोय आहे. पण विचारायचं काम न्यायाधीशांचं. स्वयंपाकघरात "तू कुणाकडे राहणार?" असं तुम्ही विचारू नका.

हात उगारला जात असेल तर

इथवरचं सगळं भांडणाबद्दल होतं. मारहाण हे भांडण नव्हे. तिथं वीस मिनिटं थांबा, नीट बोला हे सल्ले लागू नाहीत, आणि मार खाणाऱ्या बाईनं "मिटलं" म्हणून पोरासमोर हसायचं तर नाहीच. तिथं पोराला शेवट दिसायला हवा तो सुरक्षिततेचा. तातडीला ११२, महिलांसाठी १८१, मुलाला स्वतःला फोन करायचा असेल तर १०९८. कौटुंबिक हिंसाचाराविरुद्धचा कायदा २००५चा आहे. त्यात संरक्षणाचे आदेश मिळतात आणि राहत्या घरात राहण्याचा हक्कही आहे, घर कुणाच्या नावावर आहे हा प्रश्न नाही. दहावीतल्या मुलाला सांगून ठेवा: तू मधे पडायचं नाहीस, धाकट्याला घेऊन शेजारच्या काकूंकडे जायचंस आणि फोन लावायचास. आणि त्या काकूंना आधी सांगून ठेवा. आमच्या भिंतींचा एवढा तरी उपयोग होऊ दे.

मदत कधी घ्यायची

झोप, जेवण, मित्र, अभ्यास यांतलं दोन आठवड्यांहून जास्त बिघडलेलं असेल तर. स्वतःला कापणं किंवा "मी नसतो तर बरं झालं असतं" यातलं काही दिसलं-ऐकलं तर त्याच दिवशी, आणि त्या रात्री पोराला एकटं ठेवू नका. "लक्ष वेधून घेतोय" असं म्हणणाऱ्यांना मी विचारते, मग वेधून घेतल्यावर तुम्ही दिलंत का?

जागतिक आरोग्य संघटनेच्या म्हणण्याप्रमाणे दहा ते एकोणीस वयोगटातल्या दर सात मुलांत एकाला मानसिक आजार असतो. माझ्या एका बॅचमध्ये एकवीस मुलं आहेत. भागाकार तुम्हीच करा. सगळ्यांमागे आईवडिलांचं भांडण नसतं, पण असेल तिथं ते औषधाच्या आड येतं.

सुरुवात फोननं करायची असेल तर टेली मानस ही मानसिक आरोग्याची हेल्पलाइन, १४४१६. सरकारी आहे, १० ऑक्टोबर २०२२ला सुरू झाली, फुकट आहे, दिवसरात्र चालते, मराठीत बोलता येतं. भाजी मार्केटच्या माणसालाही पहाटे तीनला लावता येईल अशी ही एकच जागा मला माहीत आहे. समक्ष जायचं तर ठाण्यात नौपाड्याला आयपीएच (इन्स्टिट्यूट फॉर सायकॉलॉजिकल हेल्थ) आहे, डॉ. आनंद नाडकर्णींनी १९९०मध्ये सुरू केलेली मानसिक आरोग्याची संस्था. ठाण्याचं सरकारी मनोरुग्णालय १९०१ पासूनचं. त्याच्या नावावरून आपल्याकडे टिंगल करतात, पण बाह्यरुग्ण विभागात रोज साधी, नोकरीधंद्याची माणसं रांगेत असतात. पोर तयार नसेल तर आधी तुम्ही दोघं जा. बऱ्याचदा तेवढ्यानंच पोराचं पोट दुखायचं थांबतं.

आणि शाळेतल्या बाईंना, नाहीतर क्लासच्या टीचरला सांगा. फी भरायला येता तेव्हा दोन मिनिटं थांबून एवढंच: "घरी सध्या थोडं ताणाचं आहे, लक्ष ठेवा." कशाचा ताण ते मी विचारणार नाही. त्या आठवड्यात त्याला फळ्यावर बोलावणार नाही, खिडकीजवळचा बाक देईन, आणि साडेसातनंतर तो पायरीवर लेस बांधत बसला तर दिवा घालवायला थोडा वेळ लावीन.